पिशवी उलटी करा, आजी!

काउंटरपलीकडचा | मंगळवार, दुपारी ३.१०

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. बी.फार्म. नागपूरला केलं, चार वर्षं तिकडेच नोकरी केली, मग बाबांचे गुडघे आणि शेतीची वाटणी या दोघांनी मिळून परत आणलं. लिहीन लिहीन म्हणत होतो. आज बाजार असूनही पावसाने रस्ता रिकामा आहे, म्हणून बसलो.

गेल्या महिन्यात एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या. दर महिन्याला येतात, "लाल पाकिटातली दे आन् ते पांढरी लहानी दे" म्हणतात, मी देतो, पदराची गाठ सुटते, पैसे मोजले जातात, संपलं. त्या दिवशी पायरी चढतानाच त्यांना भोवळ आली. बाकावर बसवलं, पाणी दिलं. हातात कपाशीच्या बियाण्याची जुनी थैली होती. म्हटलं, आजी, पिशवी उलटी करा बरं, बघू तरी काय काय आहे.

आधार कार्डाची झेरॉक्स, अर्धी सुपारी, देवळातला अंगारा, आणि मग गोळ्या. बीपीची टेल्मिसार्टन ४०, लाल पाकिटातली, तालुक्याच्या डॉक्टरांची. तीच टेल्मिसार्टन ४०, दुसऱ्या कंपनीची, निळ्या पाकिटातली. मुलाने मध्ये यवतमाळला दाखवलं होतं, तेव्हापासून तो तीन-तीन महिन्यांची आणून ठेवतो, त्यामुळे मला ती कधी दिसलीच नाही. पांढरी लहानी म्हणजे ॲम्लोडिपिन, तीही बीपीचीच. पाय सुजतात म्हणून यवतमाळचीच लघवीची गोळी. शिवाय पट्टीतून कापलेल्या पाच-सहा सुट्या डायक्लोफेनॅक. किराणा दुकानातून आणलेल्या.

आजी लाल आणि निळी दोन्ही घेत होत्या. रंग दोन म्हणजे औषधं दोन, यात त्यांचं चुकलं काय? ॲम्लोडिपिनने काही जणांच्या घोट्यांना सूज येते, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. त्या सुजेवर लघवीची गोळी, त्या गोळीने रात्री चारदा उठणं, उठताना भोवळ, एकदा न्हाणीत पडल्या, पडल्यावर कंबर धरली, कंबरेसाठी किराणावाल्याची डायक्लोफेनॅक. एका गोळीच्या शेपटीला दुसरी, दुसरीच्या शेपटीला तिसरी.

मी काही बंद केलं नाही, तो माझा अधिकार नाही. पट्ट्यांचे फोटो काढून तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवले आणि लगेच फोन लावला. त्यांनी निळी बंद केली, ॲम्लोडिपिन बदलून दिली, दुखण्याला पॅरासिटामॉल दिली, आठ दिवसांनी तपासून लघवीची गोळीही काढली. आजी आता पायरी नीट चढतात.

पण मला लागून राहिलं ते वेगळंच. या बाईंना मी चार वर्षं गोळ्या देतोय आणि दर वेळी विचारतोय, "औषध बरोबर घेता ना आजी?" त्यावर त्या दर वेळी म्हणतात, "हो जी." या प्रश्नाला आपल्याकडे दुसरं उत्तरच नाही. आता मी विचारतो, "कशी घेता, दाखवा." यावर लोक जे दाखवतात ते पाहून झोप उडते.

एक गंमत सांगून थांबतो. वाचता न येणाऱ्यांसाठी मी पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढायचो. एका आजीने विचारलं, "अवसेले चांदच नसते, त मंग तवा गोयी घ्याची का नाई?" मग मी सूर्य-चंद्र सोडून त्यांच्या घड्याळाने चालायचं ठरवलं. सकाळची गोळी पहिल्या यष्टीला, रात्रीची सिरियलच्या आधी. छान चाललं होतं. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप लागला. पंधरा दिवसांनी आजी दुकानात हजर: "गाडीच नाई येऊन राह्यली बाप्पा, त गोयी कवा घेऊ?"

बंडीवाला | मंगळवार, ३.४२

संपाची गोष्ट वाचून चहा नाकातून आला. लिहीत राहा भाऊ.

पळसाचं पान | मंगळवार, ४.०५

फार आपलं वाटलं. आम्ही चंद्रपूरकडचे. आईला दोन वर्षांपासून इन्सुलिन आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर आणि वर लाइट गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. गेल्या मे महिन्यात शुगर काही केल्या खाली येईना, डॉक्टरांनी डोस वाढवला. औषधच खराब झालं असेल का? आणि वावरात जाताना आईने ते न्यायचं कसं?

काउंटरपलीकडचा | मंगळवार, ४.५०

@पळसाचं पान, खराब झालं असण्याची दाट शक्यता आहे. डोस वाढवण्याआधी "बाटली कुठे ठेवता?" हे कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि तो कुणीतरी बहुतेक मेडिकलवालाच. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खणाजवळ अजिबात नाही, गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं ठीक, पण उपयोगाचं राहत नाही. वापरायला काढलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण "बाहेर" म्हणजे २५-३० अंश. मे महिन्यातलं चंद्रपूर त्यात बसत नाही.

मी लोकांना मडकं सांगतो. एक मोठं मडकं, त्यात खाली आणि कडेने रेती, त्यात लहान मडकं. रेती सकाळ-संध्याकाळ ओली करायची. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लहान मडक्यात, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी. आत फ्रिजसारखं गार होत नाही, पण बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी राहतं. वावरात नेताना ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि डबा झाडाखाली. मोटरसायकलच्या डिकीत नको, ती भट्टी असते.

आता मुद्द्याचं. आईची सिरिंज बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं (म्हणजे एका मिलीत ४०) असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनचं इन्सुलिन १०० युनिटचं. १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. कुणी १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर अंगात अडीचपट जातं. उलटं केलं तर पुरतं जात नाही आणि शुगर उतरत नाही. टोपणाचा रंग बघून फोटो टाका.

पळसाचं पान | मंगळवार, ५.२०

टोपण लाल, बाटलीवर ४०. म्हणजे ते ठीक. बाटली मात्र उन्हाळाभर देव्हाऱ्यात होती. "देवाजवळ थंड राह्यते" म्हणे. देव्हारा पत्र्याखाली.

सातबारा | मंगळवार, रात्री ८.१५

चांगलं लिहिलं, पण थोडा मिरचीचा ठेचा मी टाकतो. माहेराला आलेल्या पोरीसारखं कौतुक नका करू मेडिकलवाल्यांचं. आमच्या गावात (अमरावती जिल्हा) दोन मेडिकल आहेत. एकात भिंतीवर ज्याचं सर्टिफिकेट हाय त्याले आमी आजवर पाह्यलं नाई. वर्षाचं भाडं घेऊन तो पुण्यात नोकरी करून राह्यला. काउंटरवर पोट्टं बसते, बारावी झालेलं. ताप सांगितला की तीन गोया, तीन दिवस, त्यात एक अँटिबायोटिक. तो कायचं समुपदेशन करन?

दुसरं, पट्टी अशी कापून देतात की तारीख त्यांच्याकडं राह्यते आन् गोया आमच्याकडं येतात. माह्या बायकोले एकदा जुनी गोळी दिली होती. इचारलं त म्हणे, "चालते जी काका, एखाद महिना."

काउंटरपलीकडचा | मंगळवार, रात्री ९.३०

@सातबारा, ठेचा गोड मानून घेतला. भाड्याच्या लायसनचं खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत तर रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे आमच्या कामातच धरलंय. कागद पक्का आहे. खुर्चीवर माणूसच नसेल तर कागद काय करणार?

पट्टीचं असं करा: कापायच्या आधी हातात घ्या आणि तारखेचा फोटो काढा. मी स्वतः तारखेकडचा भाग सगळ्यात शेवटी कापतो, आणि सुट्या गोळ्या दिल्या तर पाकिटावर नाव, तारीख, बॅच लिहून देतो. याला अर्धा मिनिट लागतो. बाजाराच्या दिवशी तो अर्धा मिनिट माझ्याकडेही कधीकधी नसतो, हे कबूल.

आणि माझीच एक चूक सांगतो, म्हणजे फिट्टंफाट. एका दम्याच्या बुवांना मी तीन महिने रोटाकॅप देत होतो. ती यंत्रात घालून, फोडून, आतली भुकटी श्वासाने ओढायची असते. यंत्र पहिल्याच दिवशी मी दिलं होतं आणि "डॉक्टरांनी सांगितलंय ना कसं घ्यायचं?" असंही विचारलं होतं. उत्तर अर्थातच, "हो जी." तीन महिन्यांनी बुवा म्हणाले, "हे कॅप्सूल पाण्यासंगं घशाखाली उतरते, पन छातीले काई आराम नाई." सगळ्या गिळल्या होत्या. यंत्राची नातवाने शिट्टी केली होती. तेव्हा दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर होता, भिंतीवर सर्टिफिकेट त्याचंच होतं, आणि तो मी होतो.

सातबारा | मंगळवार, रात्री ९.४१

हे कबूल कराले छाती लागते. माघार घेतो, पण अर्धीच.

डॉ. पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ७.१०

मी फिजिशियन, वर्धा जिल्ह्यात. धागा रात्रीच वाचला, आता ओपीडीच्या आधी लिहितो.

आजींच्या पिशवीत एक गोष्ट भोवळीपेक्षा गंभीर होती. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी. ही तिन्ही एकत्र आली की म्हाताऱ्या माणसाची किडनी काही दिवसांत बसू शकते, त्यातून ऊन आणि जुलाब असतील तर विचारूच नका. कापूस वेचणीच्या दिवसांत असे पेशंट मी पाहतो. कंबर मोडते, किराणा दुकानात पट्टी मिळते, मजुरी बुडवून दवाखान्यात कोण येणार? लिहून देणाऱ्या दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी माहीत नव्हती आणि किराणावाल्याची तर कुणालाच नाही. तिन्ही एका जागी बघू शकणारा माणूस काउंटरवरच असतो, हे मी मान्य करतो.

तरी माझी तक्रार ऐका. मी लिहिलेली गोळी "ही नाही, हीच घ्या, सेम आहे" म्हणून बदलली जाते. कधी सेम असते, कधी नावात एक अक्षर वेगळं आणि औषधच भलतं. दुसरं, काही मेडिकलवाले डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करतात. फोन करा, रात्री अकराला केला तरी मी उचलतो. पण माझ्या पाठीमागे नको.

आणि एक केस, फार्मासिस्ट वाचत असतील तर त्यांच्यासाठी. आमवाताच्या एका बाईंना मेथोट्रेक्सेट दिलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. बाईंनी ती रोज घेतली. माझ्याकडे आल्या तेव्हा तोंडभर फोड, गिळता येत नव्हतं, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. वाचल्या. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. ते वाचणारे तिघं होते: मुलगा, मेडिकलमधला पोरगा आणि शेजारचा मास्तर. तेव्हापासून मी वार मराठीत लिहितो, "फक्त सोमवार", आणि बाकीच्या सहा दिवसांवर फुली मारतो.

काउंटरपलीकडचा | बुधवार, सकाळी ८.००

@डॉ. पऱ्हाटी, "फक्त सोमवार" आजपासून माझ्याकडे. मी मेथोट्रेक्सेटची पूर्ण पट्टी देतच नाही, चारच गोळ्या देतो आणि चार सोमवारांच्या तारखा लिहितो. पट्टी बदलण्याची तक्रार रास्त आहे. फक्त एवढंच, तुमच्यासारखा रात्री अकराला फोन उचलणारा डॉक्टर मला अकरा वर्षांत दोनदाच भेटलाय. बाकीच्यांच्या कंपाउंडरशी बोलतो मी.

पीएचसीवाली | बुधवार, दुपारी २.३०

गडचिरोली जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. हे नाव ऐकून लोकांना वाटतं मी औषधं बनवते. मी खिडकीत बसते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं, चांगलं झालं, गर्दीही वाढली. एकीकडे खिडकीपुढे रांग, दुसरीकडे साठ्याची ऑनलाइन नोंद, लसींचं तापमान, महिन्याचे अहवाल. एका माणसाला वीस-तीस सेकंद मिळतात. त्यात मराठी कळणारा असेल तर. आमच्याकडे माडिया आणि गोंडी बोलणारे पेशंट असतात, "उपाशीपोटी" हा शब्द मला आधी त्यांच्या भाषेत आशाताईकडून शिकावा लागला.

आमचा खास घोळ रंगाचा आहे. पुरवठादार बदलला की गोळीचा रंग बदलतो. आकारही बदलतो. तीच शुगरची मेटफॉर्मिन, गेल्या महिन्यात लंबुळकी होती, या महिन्यात गोल. बाबा म्हणतात, "माझी नाई ही," आणि ठेवून देतात. किंवा जुनी उरलेली आणि नवी, दोन्ही घेतात. मग मी एक युक्ती केली. जुन्या गोळीची रिकामी पट्टी आणायला सांगते. तिचा तुकडा आणि नव्या पट्टीचा तुकडा केसपेपरच्या मागे शेजारीशेजारी चिकटपट्टीने लावते, मध्ये बरोबरचं चिन्ह काढते. शाळेत न गेलेल्या माणसालाही त्या दोन रेघा कळतात. रिकामी पट्टी आणली की ती खरंच रिकामी आहे की नाही, हेही मला दिसतं.

सिकलसेलची मुलं आमच्याकडे बरीच. हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात अंग फार दुखतं. हायड्रॉक्सीयुरिया चालू असलेल्या मुलांची आई पहिल्या तीन महिन्यांत हमखास विचारते, "दुखत नाही आता, मग बंद करू?" ती दुखू नये म्हणूनच आहे, हे समजावणं माझं सगळ्यात अवघड काम. रक्ततपासणीची तारीख मी गोळ्यांच्या पाकिटावरच लिहिते. तपासणीचा कागद दाखवला की पुढच्या गोळ्या. त्यावरून मला लोकांनी शिव्याही घातल्या आहेत.

बुलढाण्याची लेक | बुधवार, रात्री १०.४५

पहिल्यांदाच लिहितेय. मी पुण्यात, बाबा एकटेच गावी, चिखलीजवळ. थायरॉइड, बीपी आणि शुगर. बीपी कधी १७०, कधी १३०. मी रोज फोनवर विचारते, "गोळी घेतली का बाबा?" ते म्हणतात घेतली. हा धागा वाचून कळलं की मी रोज चुकीचा प्रश्न विचारतेय. काय करू?

काउंटरपलीकडचा | गुरुवार, सकाळी ७.३०

@बुलढाण्याची लेक, रविवारी व्हिडिओ कॉल लावा आणि बाबांना सगळ्या गोळ्या पलंगावर ओतायला सांगा. रागावायचं नाही, हे पहिलं. रागावलात की पुढच्या वेळी पिशवी अर्धीच ओतली जाईल. एकेक पट्टी उचलून विचारा: ही कशासाठी, ही कधी, आज सकाळी नेमकं काय काय आणि कशासोबत घेतलं. पट्टीवर किती गोळ्या उरल्यात ते मोजा आणि आणल्याची तारीख विचारा. गणित तिथेच सुटतं.

थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत. चहा किमान अर्धा तासाने, तास गेला तर उत्तम. आपल्याकडे माणसं डोळे उघडायच्या आधी चहा पितात, म्हणून गोळी आणि तांब्या उशाशी ठेवायला सांगा. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर त्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर. शुगरची ग्लिमेपिराइड असेल तर उपवासाचं नक्की विचारा.

बंडीवाला | गुरुवार, सकाळी ९.१५

उपवासावर थोडं लिहाच भाऊ. आमच्या आईचा श्रावण म्हणजे सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, आणि मधले दिवस साबुदाणा. गोळ्या मात्र रोजच्या रोज, "औषधाले उपास नसते" म्हणून.

डॉ. पऱ्हाटी | गुरुवार, दुपारी १.५०

मीच लिहितो. औषधाला उपवास नसतो हे बीपीच्या गोळीला बहुतेक लागू पडतं. शुगरच्या प्रत्येक गोळीला नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसतानाही शुगर पाडतात. एकटी मेटफॉर्मिन सहसा तसं करत नाही. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. आणि साबुदाण्याची खिचडी-बटाटा हा शुगरवाल्यासाठी उपवास नाही, ती मेजवानी आहे. सकाळी शुगर पडते आणि दुपारी चढते, असा दोन्हीकडून मार. श्रावणाच्या आधी आईला डॉक्टरकडे नेऊन उपवासाच्या दिवसांचा डोस वेगळा लिहून आणा. उपवास सोडा म्हणून सांगू नका. मी वीस वर्षं सांगतोय, एकीनेही सोडलेला नाही.

सातबारा | शुक्रवार, सकाळी ११.००

एक रोखठोक सवाल, @काउंटरपलीकडचा. हे सगळं करून धंदा कसा परवडते? निळी पट्टी बंद झाली, लघवीची गेली. तालुक्याच्या ठिकाणी बोर्ड लागले, २० टक्के सूट. तुमी चांद-सूर्य काढत बसा, गिऱ्हाईक सूट पाहून पुढं जाते.

काउंटरपलीकडचा | शुक्रवार, दुपारी ३.४०

जातं. खोटं कशाला बोलू. समजावण्याचे पैसे कुणी देत नाही आणि मी मागितले तर गावात हसू होईल. बायको दर मार्चमध्ये हिशेब मांडते आणि माझ्याकडे बघते. मी मधला रस्ता काढलाय: दुपारी दोन ते चार रस्त्यावर कुत्रं नसतं, तेव्हा पिशवीवाल्यांना बोलावतो. बाजाराच्या दिवशी फक्त ज्यांचं काही भयंकर वाटतं त्यांनाच थांबवतो. महिन्याला पंधरा-वीस पिशव्या होतात, त्यापेक्षा जास्त नाही. बाकीच्यांना मी अजूनही "बरोबर घेता ना?" एवढंच विचारतो, हेही लिहून ठेवतो.

बुलढाण्याची लेक | रविवार, रात्री ९.२०

ओतली पिशवी. लिहिताना हात थोडा कापतोय.

थायरॉइडची गोळी चहासोबतच होती, ते अपेक्षितच होतं. बीपीच्या पट्टीत गोळ्या जास्त निघाल्या. पंचेचाळीस दिवसांपूर्वी तीस आणलेल्या, अजून आठ शिल्लक. बाबा म्हणाले, विसरतो कधीकधी. मी नुसती गप्प बसले, तुम्ही रागावू नका म्हणाला होतात म्हणून. मग जरा वेळाने म्हणाले, "एक दिवसाआड घेतो. कापसाचा चुकारा आला नाही अजून. आला की रोजची सुरू करतो." मला सांगितलं नाही कारण मी पैसे पाठवले असते. मी दर महिन्याला त्यांच्यासाठी ड्रायफ्रूट पाठवते.

पीएचसीवाली | सोमवार, सकाळी ६.५०

ताई, बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या तुमच्या बाबांना प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतील. तिथे नसली एखादी तर जनऔषधी दुकानात बघा, स्वस्त पडेल. पण बाबा म्हणतील, "फुकटची गोळी लागू पडत नाही." माझ्या खिडकीत रोज कुणीतरी म्हणतं. त्यावर वाद घालू नका. त्यांना म्हणावं, महिनाभर इथली घ्या, दर आठवड्याला बीपी मोजा आणि आकडे भिंतीवर लिहा. माझ्या सासऱ्यांनी त्यानंतरच ऐकलं. आणि मी त्यांची सून, खिडकीत बसणारी!

पळसाचं पान | सोमवार, दुपारी १२.१०

इथे दोन मडकी आणली. लहान मडक्याचं तोंड अरुंद निघालं, आईचा हात जात नाही. कुंभाराला बदलून मागितलं तर म्हणे, "वैनी, त्यात ठेवता काय?" इन्सुलिन म्हटल्यावर त्याने त्याच्या बाईचंही विचारलं.

काउंटरपलीकडचा | मंगळवार, सकाळी १०.२५

आज बाजार, थोडक्यात लिहितो.

@बुलढाण्याची लेक, चुकाऱ्याचा विषय माझ्या यादीतच नव्हता. "ही परवडते का?" हे मी आजवर कुणाला विचारलं नाही, उधारी मागतील या भीतीने. आता विचारावं लागेल.

दुसरं. पहिल्या पोस्टमधल्या आजी आत्ता आल्या होत्या. तब्येत छान. सोबत शेजारीण आणली, तिचीही पिशवी बघून दे म्हणाल्या. म्हटलं वा, जाहिरात झाली. शेजारणीने पिशवी उलटी केली, तर त्यात टेल्मिसार्टनची निळी पाकिटं, जवळजवळ दोन महिन्यांची. तिला बीपी आहे की नाही हे कधी कुणी मोजलेलंच नाही. आजी म्हणाल्या, "मले बंद केली ना तुमी, फेकून कायले द्याच्या? हिचंबी डोकं दुखत होतं, म्हणून देल्ल्या."

बंद केलेल्या पट्ट्या घरात पडून आहेत, त्यांचं काय करणार, हे मी विचारलंच नव्हतं. शेजारीण बाकावर बसली आहे. बीपी मोजायचं यंत्र काढतो, बाकी दुपारी.